त्रिकोणी घडी

चिंतूने छकुलीचा लंगोट सोडायला घेतला आणि ती थिजली. घडी त्रिकोणी होती.

एरवी हे काम आईचं. आज ती वाळलेले कपडे काढायला गच्चीवर गेली होती. आणि आजच ऑफिसात पत्रक वाटलं होतं, ‘पलीकडचे कसे ओळखाल?’ चौथी खूण हीच. आपल्या बायका लंगोटाची घडी चौकोनी घालतात, नदीपलीकडच्या त्रिकोणी.

पत्रक प्रवचनबाईंचं, म्हणजे शंकेला जागाच नव्हती. बाईंनी दारूचे गुत्ते बंद पाडले, मुलींची शाळा काढली, नोकरदार बायकांसाठी पाळणाघर उघडलं. एवढं करून हात रिकामे राहिले, तेव्हा त्यांनी पलीकडच्यांना शहराबाहेर काढायचं मनावर घेतलं. त्यासाठी मंडळ निघालं, खांद्यावर पांढरे पट्टे आले. धोबी गेला, बेकरीवाला गेला. आता पाव दगडासारखा मिळे, पण आपल्या माणसाच्या हातचा मिळे.

चिंतूला खरं नावही होतं, पण जन्मभर चिंता करत आल्यामुळे ते कुणाला आठवत नसे.

“आई, पाळणाघरातल्या मावशी पलीकडच्या आहेत,” आई दारात येताच ती म्हणाली.

आईने कपड्यांचा ढीग पलंगावर टाकला. छकुली झाल्यापासून ती इथेच राहायला आली होती. बाळाचं धुणं, पाळणाघराची पिशवी भरणं, सगळं तिच्याकडे. चिंतूने त्या पिशवीची चेनसुद्धा कधी उघडली नव्हती.

“कशावरून म्हणतेस?”

“लंगोट बघ.”

आईने बघितला. “छकुली त्यांच्याकडे रडते का?”

“उलट, संध्याकाळी माझ्याकडे यायला तयार नसते.”

“मग अडलं कुठे?”

“आज लंगोट, उद्या आणखी काय शिकवतील तिला!”

“आठ महिन्यांच्या पोरीला?”

“तुला नाही कळायचं. मी बाईंना फोन करते.”

“त्यांची नोकरी जाईल गं.”

“शहरही सोडावं लागेल. नियम म्हणजे नियम. बाळाच्या घरातलं कुणी पलीकडचं निघालं तर बाळाचीही पाळणाघरातली जागा जाते. तीन पिढ्या बघतात.”

आईने एका टॉवेलची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली.

“हं,” ती म्हणाली. “उद्या मीही येते.”

सकाळी प्रवचनबाई पट्टेवाल्या सहा जणींना घेऊन पाळणाघरात हजर होत्या. छकुलीचं जावळ कुरवाळत त्या म्हणाल्या, “सगळी बाळं देवाचीच. म्हणून तर निवडून घ्यावी लागतात.”

मावशींपुढे धुतलेला, मोकळा लंगोट ठेवला गेला. मावशींनी घडी घातली ती चौकोनी, कोपऱ्याला कोपरा. सहाही जणी वाकल्या. एकीने तर वितीने मोजून पाहिली.

“रोज अशीच घालता?” बाईंनी विचारलं.

“मोकळं कापड हातात आलं तर अशीच.”

“मग ही पोरगी घरी त्रिकोणात कशी जाते?”

मावशींनी चिंतूकडे पाहिलं. मग आईच्या मांडीवरच्या पिशवीकडे पाहिलं. मग खेळण्यात रमलेल्या छकुलीकडे. आणि मान खाली घातली.

“माझंच चुकत असेल, बाई.”

“कबुली,” बाई म्हणाल्या आणि त्यांनी वही उघडली. चिंतूच्या जिवात जीव आला.

तेवढ्यात आई उठली. तिने पिशवीची चेन ओढली आणि पिशवी टेबलावर पालथी केली. सहा लंगोट, सहा त्रिकोण.

“त्यांचं काही चुकत नाही,” आई म्हणाली. “घरून घड्या मी घालून देते. नदीपलीकडे माझी आई अशाच घालायची.”