गालिच्यावरचं गुलाबी मेण

बर्फाची पिशवी मेणावर दाबून भाऊ गालिच्यावर मांडी घालून बसले होते. टीपॉय बाजूला सरकवला तेव्हा ते मेण दिसलं होतं. गुलाबी, चमकी घातलेलं, तळहाताएवढं.

"दादूस, ऊठ रे," झोपाळ्यावरून धोंडूबाई म्हणाली. भावाला कायमचं आपल्याकडे न्यायला ती सकाळीच दिघाशीहून कोन गावी आली होती. "असाच गुंडाल नि चल. टेंपोवाला कवाचा थांबलाय."

"हौसाचा गालिचा हाय. डाग घेऊन न्हाय नेणार."

हौसाला जाऊन दोन महिने झाले होते. रात्री जेवून झोपली, सकाळी उठलीच नाही. हृदय बंद पडलं, असं डॉक्टर म्हणाले. अजूनही भाजीत मीठ कमी लागलं की भाऊंचं तोंड उघडायचं आणि तसंच मिटायचं.

मेण कडक झालं. चमच्याच्या कडेने भाऊ ते खरवडू लागले. ढलपे निघत होते, पण खालच्या धाग्यांत शिरलेलं हलत नव्हतं.

गालिचा हौसाने धामणकर नाक्यावरून आणला होता. त्यावरून दोघांचं आठवडाभर वाजलं होतं. पुढे दर शनिवारी ती टीपॉय उचलून त्यावर ब्रश मारायची. तिच्या हयातीत हे मेण इथे एक दिवस टिकलं नसतं. म्हणजे सांडलं ते तिच्यामागे.

कधी सांडलं, तेही भाऊंनी ताडलं होतं. तेरावं झाल्यावर "जरा हवापालट करा" म्हणून मुलाने, मितेशने, त्यांना बहिणीकडे पाठवलं होतं. नातीचा, मृणालीचा वाढदिवस त्याच दिवसांत आला होता. यंदा घरात गणपती आणायचा नाही असं ठरलं होतं, आणि यांनी मेणबत्त्या लावून केक कापला!

सून, पूर्वी, इस्त्री घेऊन आली. भाऊंनी मेणावर वर्तमानपत्र पसरलं होतं.

"त्याची शाई उतरेल, भाऊ. हा खाकी कागद ठेवा," पूर्वी म्हणाली. "इस्त्री कोमटच ठेवलीय. जास्त तापली तर धागा जळतो."

"कसलं मेण हे?"

"लाईट गेली होती एकदा. मेणबत्ती आडवी झाली."

"घरात इन्व्हर्टर हाय. आणि अंधारात चमकीची मेणबत्ती कोण लावतं?"

पूर्वीने इस्त्रीची वायर नीट केली.

भाऊंनी कागदावर इस्त्री फिरवली. खालून तेलकट डाग वर आला. कागद सरकवून पुन्हा फिरवली. हौसाने त्यांच्यापासून कधी काही लपवलं नव्हतं. मासळीवालीला दोन रुपये जास्त दिले तरी घरी येऊन सांगायची. शेवटच्या महिन्यांत ती पूर्वीबरोबर ठाण्याला डोळे तपासायला जायची, चष्मा मात्र काही आला नाही. तिला भाऊ म्हणाले होते, "डॉक्टर आंधला हाय का तुझा?" तेव्हा ती पोट धरून हसली होती. अशा बाईच्या पोटचा पोरगा असा निघावा.

मितेश पॉवरलूमच्या गाळ्यावरून आला. दारातला टेंपो पाहून तो उंबऱ्यातच थांबला.

"तुझ्या आयशीची राख थंड झाली नव्हती," भाऊ म्हणाले, "आणि तू इथं केक कापलास?"

मितेशने पूर्वीकडे पाहिलं, मग मेणाकडे.

"हो," तो म्हणाला. "चुकलं माझं. मृणाली हट्टाला पेटली होती."

"मिरवणूक काढायची र्‍हायली का रे?" धोंडूबाईने झोपाळा थांबवला. "बँड लावला असतास!"

"आत्या, तुम्ही मध्ये बोलू नका."

"तिला गप्प करू नको!" भाऊंनी गालिचा गुंडाळायला घेतला. "आज गेलो की या घरात परत पाय न्हाय ठेवणार. मी मेलो तरी तू यायचं न्हाय. माझी चिता पेटवायला धोंडूचा पोरगा हाय."

मितेशने पुढे होऊन गालिच्याचं दुसरं टोक उचललं. बापाला टेंपोपर्यंत मदत करायला.

"पुरे झालं," पूर्वी म्हणाली. "मी सांगते."

"पूर्वी! शब्द दिलाय आपण."

"दिला असेल. केक आईंनी कापला, भाऊ."

भाऊंनी हातातलं टोक खाली ठेवलं.

"पाडव्यानंतर तुम्ही जत्रेला दिघाशीला गेला होतात. आई म्हणाल्या, जन्मात एकदा तरी वाढदिवस करायचाय. मेणबत्त्या फुंकल्या आणि त्यांना धाप लागली. धक्का लागून मेण सांडलं, तेवढ्यात तुमची रिक्षा दारात आली. आम्ही टीपॉय त्यावर ओढला. पुढे ब्रश मीच मारत होते. त्यांना वाकवत नव्हतं."

"वाकवत नव्हतं? धडधाकट होती ती."

धोंडूबाई झोपाळ्यावरून खाली उतरली.

"ठाण्याचा तो डॉक्टर डोळ्यांचा नव्हता," मितेश म्हणाला. "शिमग्याआधीच त्याने सांगितलं होतं. हृदय थकलंय, ऑपरेशन झेपणार नाही. दिवाळी काही बघणार नाहीत."

भाऊ गुंडाळलेल्या गालिच्यावरच बसले.

"तुला म्हाईत होतं. हिला म्हाईत होतं. तिला सोताला म्हाईत होतं. घरात मीच एकटा परका होतो?"

"मी पाया पडलो तिच्या, भाऊंना सांगू दे म्हणून," मितेश म्हणाला. "तर म्हणाली, 'तुमी सगली आता माझ्याशी जपून बोलतव. घरान एक तरी मानूस पयल्यासारखा भांडाला पायजे.'"