जिराफाच्या जागी

"जिराफच पाहिजे!" फोनवर प्रफुलभाऊ ओरडत होते. "पोट्टे मान वर करून पाहतीन, फोटो काढतीन. वाघ पाहाले कोन येते? वाघ तं आपल्या ऊर्जानगरच्या रस्त्यावर फुकट दिसते."

सुरेंद्रने फोन कानापासून लांब धरला. शहरातल्या प्राणिसंग्रहालयाचा तो अधीक्षक. नूतनीकरण होऊन जुने गंजके पिंजरे गेले होते. त्यांच्या जागी खंदकांची मोकळी आवारं आली होती. हरणं आली, अस्वल आलं, मगरही आली. मधलं, सगळ्यात मोठं आवार तेवढं रिकामं होतं, आणि त्यानं सुरेंद्रचं डोकं खाल्लं होतं. जो तो येऊन प्राणी सुचवत होता. एका नगरसेवकाला तर चंद्रपूरच्या उन्हाळ्यात पेंग्विन हवे होते! समितीचे अध्यक्ष प्रफुलभाऊ जिराफावर अडून बसले होते आणि त्यांच्यापुढे बोलायची सोय नव्हती. सुरेंद्रने स्वतःच्या मनानं एक रोपटं जरी लावलं, तरी त्यांचा सवाल ठरलेला असे, "कोनाले इचारून?"

वनविभागानं एक वाघ देऊ केला होता. माणूस मारला म्हणून पकडलेला, परत जंगलात सोडता न येणारा. समितीनं नको म्हटलं. मग परराज्यातल्या एका संग्रहालयानं त्याला मागून घेतलं. आज दुपारी त्याची गाडी निघणार होती. चला, एक कटकट तरी मिटली, असं म्हणत सुरेंद्रने फोन ठेवला, तेवढ्यात चौकीदार दारात आला.

"साहेब, ते बाई पुन्हा आली."

सुरेंद्रने कपाळाला हात लावला. ती बाई म्हणजे कुंता. तिचा नवरा इस्तारी पहाटे तलावावर जाळं काढायला गेला होता. ह्याच वाघानं त्याला तलावाच्या बांधावरून उचलून नेलं. वाघ पकडल्यापासून कुंता एकसारखी इथं येत होती आणि एकच म्हणत होती, "वाघ इथीच ठेवा."

आधी सुरेंद्रला वाटलं, बाईला सूड हवाय. "वाघाला फाशी होत नसते, बाई," त्यानं सांगून पाहिलं. मग वाटलं, नोकरी हवी असेल. तेही नाही. बाई नुसती प्रश्न विचारायची, आणि तेही असले की ऐकणारा वैतागून जावा.

"आत पानी हाय का? त्याले पान्याबिगर करमत नाई."

"सगळ्याच वाघांना पाणी आवडतं."

"भात खाते का?"

"वाघ भात खात नाही, बाई."

"अन मरळ मासा? मरळ तं खाईन."

त्या दिवशी सुरेंद्रने हात जोडले होते.

आज चौकीदाराच्या हातात डबा होता. "वाघासाठी आनला म्हनते," तो हळूच म्हणाला. सुरेंद्रने झाकण काढलं. भात होता आणि वर मरळीचा लालभडक रस्सा. आता मात्र त्याची तार सटकली. कुंता दारातच उभी होती. तिच्यासमोर त्यानं डबा टेबलावर आपटला.

"काय कालवलंय यात? विष?"

कुंता पुढं आली, डब्यातला एक घास उचलून तोंडात घातला आणि सावकाश चावून गिळला.

"इष? त्याच्या जेवनात मी इष घालीन?"

"अहो बाई!" सुरेंद्रचा आवाज चढला. "त्या वाघानं तुमचा माणूस खाल्ला! तो इथून जातोय तर सुटल्यासारखं वाटायला पाहिजे तुम्हाला. काय लावलंय हे रोज?"

"खाल्ला. तेच तं सांगून राह्यली मी!" आता कुंताही चिडली. इतक्या दिवसांत ती पहिल्यांदाच चिडली होती. "आमच्या हाती एक पाय आला, साहेब. तेवढा जाळला. दहाव्याले सारे नदीवर बसलो. दिवस कलला, पन कावळा शिवला नाई. कसा शिवन? मानूस नदीवर होताच कुठी? पाय सोडून सारा इस्तारी त्या वाघात हाय. अन तुमी लोक त्याले गाडीत घालून परमुलखात धाडून राह्यले. त्याले तं तालुक्याच्या गावी बी झोप येत नव्हती. त्याले नेतो म्हनून घरच्या बाईले कोनी इचारलं?"

सुरेंद्रने खिडकीबाहेर पाहिलं. रिकाम्या आवारातल्या तळ्यात पाणी भरून ठेवलं होतं. डबा अजून गरम होता. चौकीदार खाली मान घालून उभा होता.

सुरेंद्रने फोन उचलला आणि वनविभागाला सांगितलं, "गाडी थांबवा. वाघ आम्ही ठेवतो."

ही बातमी प्रफुलभाऊंपर्यंत पोचायला कितीसा वेळ लागणार? फोन वाजला. त्यांचा आवाज खोलीभर ऐकू येत होता.

"तुमी वाघ ठेवून घेतला म्हनते! जिराफाचं काय? अन वाघ ठेवला तं कोनाले इचारून ठेवला?"

कुंता डब्याचं झाकण नीट बसवत होती.

"त्याच्या बायकोला," सुरेंद्र म्हणाला.