अडवलं कोणी

"तुमची लेक बाळंत झाली, इहीनबाई. पोरगी झाली." धुरपताबाई मागच्या दाराशी उभी होती. "मले वाटलं, सांगून द्यावं."

रत्नप्रभाबाईंचा हात कडीवरच राहिला. आरशांची कांचळी घातलेली ही बंजारा तांड्यावरची बाई आपल्या लेकीची सासू आहे, हे सगळ्या दारव्ह्याला ठाऊक होतं. या घरात मात्र तसं म्हणायची सोय नव्हती.

महाराष्ट्र झाला त्या साली सुमेधानं तांड्यावरच्या उत्तमसिंग मास्तरशी लग्न केलं. सदाशिवरावांनी लेकीच्या नावानं आंघोळ केली आणि पाटावर बसता बसता बायकोला सांगितलं, "आपली मुलगी गेली. तिचं नाव या घरात निघालं, तर तूही गेलीस असं समजेन." आवाज चढवला नव्हता. तहसील कचेरीत नाझर होते ते. आवाज चढवायची वेळ त्यांच्यावर कधी आलीच नाही. रत्नप्रभाबाईंनी मान खाली घालून भात वाढला.

पुढच्याच वर्षी सदाशिवरावांना लकवा मारला. सगळं अंग लुळं पडलं, वाचा गेली. तेव्हापासून तीन वर्षं बाई त्यांचं सगळं अंथरुणात करीत होत्या. गल्लीतल्या बायका तोंडभरून कौतुक करीत. बाईंना मात्र झोप नव्हती. आपल्याच नशिबी ही कोंडी का, एवढं एकच गाऱ्हाणं घेऊन त्या रोज देवापुढे बसत.

"आत या," हे शब्द ओठांवर आले होते. पण बाईंनी विचारलं, "बरी आहे ना?"

"बरी हाये. पन रडते. पयलं लेकरू तापानं गेलं गेल्या साली, तवा तिनं लय वाट पाह्यली तुमची. निरोप धाडला व्हता म्या. आता म्हन्ते, ह्या खेपी बी आई येनार नाही." धुरपताबाईचा आवाज कोरडा होता. "काहून नाही आल्या तुमी? कोनं अडवलं?"

बाईंनी आतल्या खोलीकडे बोट दाखवलं.

धुरपताबाईनं वाकून पाहिलं. खाटेवर सदाशिवराव पडले होते. तोंडाच्या कोपऱ्यातून लाळ उशीवर ओघळली होती आणि नाकावर बसलेली माशी उडत नव्हती. धुरपताबाईनं वळून बाईंकडे पाहिलं.

"यायनं अडवलं?" ती म्हणाली.

मग बाजाराची टोपली डोक्यावर घेऊन ती चालू लागली.

संध्याकाळी बाई पेज भरवायला बसल्या. पेज जरा निवली होती. सदाशिवरावांनी पहिलाच चमचा थुंकून टाकला आणि डोळे वटारले. बाईंच्या हातातला चमचा नेहमीसारखा थरथरला. आज त्यांचं त्या थरथरीकडे लक्ष गेलं. हा हात कशाला कापतो? समोरच्या माणसाला कूस बदलायची तरी आपणच बदलून द्यावी लागते. तहान लागली तर त्याला पाणी मागता येत नाही. दार लावणारं आपल्या दोघांतलं कोण?

"मी सुमेधाला बोलावते आहे," त्या म्हणाल्या.

संसाराच्या इतक्या वर्षांत त्यांनी नवऱ्याला विचारलं होतं. सांगितलं कधी नव्हतं.

सदाशिवरावांच्या घशातून घरघर निघाली. डोळे लाल झाले. बाई वाट पाहत बसल्या. पण काहीच झालं नाही. भिंती जागच्या जागी होत्या. बाहेर कुणाची तरी बैलगाडी गेली. बाईंनी त्यांची हनुवटी पुसली आणि दुसरा चमचा पुढे केला. भूक लागलेली होती. सदाशिवरावांनी तोंड उघडलं.

त्या दिवसापासून बाईंना झोप लागू लागली. खाट तीच, धुणं तेच, दुर्गंधही तोच. पण आपण कोंडलेल्या नाही, एका आजारी माणसाचं करतो आहोत, एवढं मनाला पटलं आणि सगळं ओझं उतरलं. डिंकाचे लाडू वळताना त्या स्वतःशी गुणगुणत होत्या. गल्लीतल्या कुणी विचारलं, तर सरळ सांगत, "लेक येणार आहे माझी."

सव्वा महिना उलटल्यावर सुमेधा आली. वाळली होती. आईच्या गळ्यात पडण्याआधी ती वडिलांच्या खाटेशी गेली आणि बाळ त्यांच्या कुशीत ठेवलं. सदाशिवरावांनी बाळाकडे पाहिलं, लेकीकडे पाहिलं. त्यांचं अंग हादरलं आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

बाईंना ते डोळे पाठ होते. तो संताप होता. बाळाला दूर लोटता येत नाही, याचा.

"आई, बाबा रडताहेत गं!" सुमेधा म्हणाली. "राग निवळला गं बाबांचा."

लेकीला तेवढं सुख मिळतंय, तर मिळू दे, असं बाईंना वाटलं.

सुमेधा पदरानं वडिलांचे डोळे टिपत राहिली. टिपता टिपता तिचा हात थांबला. तिनं मान वळवून आईकडे पाहिलं.

"आई, बाबा असे कधीपासून आहेत? माझं पहिलं गेलं, तेव्हा?"

बाईंना खोटं बोलता आलं असतं. तेव्हा ते कडक होते, तुझं नाव घेऊ देत नव्हते, एवढं म्हटलं असतं तरी पोरीचं समाधान झालं असतं. त्यांनी बाळाला खाटेवरून उचलून छातीशी घेतलं. ते ऊबदार होतं.

"तेव्हाही असेच होते," त्या म्हणाल्या. "मलाच दिसलं नाही."