विरघळवायचं इंजेक्शन

"बसा काका, मॅडम बोलावतील," रिसेप्शनवरची मुलगी म्हणाली. काकांनी मान वळवली. दुसरा गाल दिसला तशी ती खुर्चीतून अर्धी उठली. "सर, तुम्ही?"

सरच होते. धंद्यात सगळे त्याला चिकण्या म्हणत. चेहरा भरायची इंजेक्शनं तो दवाखान्या-दवाखान्यांत विकायचा, आणि पन्नाशी उलटली तरी तोंडावर सुरकुती औषधालाही नव्हती. स्वतःचं तोंड हाच त्याचा नमुना. हायल्युरॉनिक अॅसिड हा शब्द डॉक्टरांची जीभही अडखळवतो, पण चिकण्याच्या तोंडून लोण्यासारखा यायचा. "मॅडम, हे काही परकं नाही, तुमच्याच कातडीतलं आहे. पाणी धरून ठेवतं. जन्मानं दिलं, वयानं नेलं, आम्ही परत आणून देतो." एवढं बोलून गाल पुढे करायचा. माल खपायचा.

आज त्याचा उजवा गाल तेवढा जागेवर होता. डावा बसलेला, लोंबलेला, हवा गेलेल्या फुग्यासारखा. आणि त्या बसलेल्या गालावर, कानाच्या जरा पुढे, गाठ तशीच उभी. पाणी उतरल्यावर तळातला दगड उघडा पडावा तशी.

परवा ती एवढी दिसत नव्हती, हाताला लागत होती. मॅडम तेव्हाच म्हणाल्या होत्या, तुकडा काढून तपासायला पाठवू. चिकण्यानं हिशेब मांडला. तुकडा म्हणजे टाका, टाका म्हणजे व्रण, आणि व्रणाचं तोंड घेऊन चिकणेपणा विकायचा कसा? मग त्यानं भाजीवालीशी करावी तशी घासाघीस केली. आपलाच माल आहे, इतकी वर्षं टोचून घेतोय, एखादा थेंब हट्टीपणानं एका जागी साचला असेल. तो विरघळवायचं इंजेक्शन तुमच्या फ्रीजमध्ये आहे, मीच तर दिलंय. ते टोचा. विरघळली तर तुम्ही सुटलात, मी सुटलो. मॅडमनी बजावलं, गालात भरलेलंही जाईल. जाऊ दे म्हणाला, पुन्हा भरू, आपल्याला काय तोटा. दिवसभर लोकांची तोंडं बघून मॅडम थकलेल्या होत्या. त्यांनी टोचलं, आणि निघताना परवा दाखवायला यायचंच, असं बरोबर आलेल्या त्याच्या बायकोला सांगितलं. चिकण्याला सांगून उपयोग नाही, हे त्यांना माहीत होतं.

आत दिव्याखाली मॅडमनी गाठ दोन बोटांत धरून पाहिली, भिंग लावून पाहिली. मग भिंग ठेवलं आणि डोळे चोळले.

"तुमचा माल सगळा विरघळला," त्या म्हणाल्या. "ही विरघळली नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे ही तुमच्या कंपनीची नाही."

चिकण्यानं हसायचा प्रयत्न केला. एकाच गालाला जमलं. मग त्यानं परवापासून टाळलेलं विचारलं, इंजेक्शनांनीच झाली का? मॅडम म्हणाल्या, तसं म्हणायला काही आधार नाही. वर्षानुवर्षं भर उन्हात मोटरसायकलवर हिंडलात, ते कारण जास्त जवळचं. इंजेक्शनांनी ती केली नाही, झाकली मात्र. भरल्या गालात कुणाला दिसणार होती? आणि वाईट गाठ आहे की साधी, ते तुकडा तपासल्याशिवाय त्या सांगणार नव्हत्या. एवढंच म्हणाल्या, की काही वाईट गाठी पाणी धरणारा एक रस स्वतःभोवती साठवून ठेवतात, त्यात त्यांना पसरायला सोपं जातं.

"मी विकतो तोच?"

"तोच."

"आणि हिला फुकट," चिकण्या म्हणाला. "मी उगाच दारोदार फिरलो."

एरवी अशा बोलण्यावर मॅडम हसायच्या. आज त्यांनी हातमोजे चढवले. बायको कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून होती. केस पांढरे, तोंडावर वयाचं सगळं जिथल्या तिथे. परवापासून ती त्याला लागेल असा एक शब्दही बोलली नव्हती, आणि त्याला तेच जास्त लागत होतं.

त्यानं शेवटचा डाव टाकला. पुढच्या आठवड्यात मोठ्या दवाखान्यात माल दाखवायचा आहे, आज गाल भरून द्या, तुकड्याचं महिन्याभरानं बघू.

"नाही," मॅडम म्हणाल्या. आवाज चढला नाही, उतरलाच. "पुन्हा झाकायला मी हात लावणार नाही. आज काढायचा तर आज काढते. नाहीतर उठा, बाहेर माणसं थांबलीत."

चिकण्यानं बायकोकडे पाहिलं. ती त्याच्याकडेच बघत होती, काही न सुचवता. तो खुर्चीत हळूहळू मागे टेकला.

"काढा," तो म्हणाला.

मॅडम भुलीची सुई भरायला वळल्या. तेवढ्यात बायको उठून जवळ आली. गेली कित्येक वर्षं तो तिला गालाला हात लावू देत नव्हता. भरलेला माल सरकतो म्हणायचा.

"डॉक्टर," तिनं विचारलं, "आता हात लावला तर चालतो ना?"

"गाठ सोडून कुठेही," मॅडम पाठमोऱ्याच म्हणाल्या.

तिनं तळवा त्या बसलेल्या गालावर ठेवला. कातडी तिच्या बोटांमागे सैल सरकली, आणि चिकण्यानं डोळे मिटून डोक्याचा सगळा भार त्या हातावर टाकला.