गेणबाची काहील

"समुद्र बघून येतो," म्हणून गेणबा गूळ आटवायच्या काहिलीत बसला आणि एकटाच वल्हं मारत भीमेच्या धारेला लागला. नदी ओलांडायला काहील सगळेच वापरत. समुद्राला जायचं खूळ त्याचं एकट्याचं. तेव्हा इंग्रजांचं राज्य होतं आणि कुशाबाई नवी नवरी होती. तो परतलाच नाही. बुडाला म्हणून गावानं दहावं उरकलं, तिचं कुंकू पुसलं. मासळी, त्यातही मरळ, तिला जिवापाड आवडायची. पण ज्या माशांनी धनी खाल्ला ते तोंडात कसे घालायचे? त्या दिवसापासून तिनं एक काटा चाखला नाही.

आज दिराचा नातू रणजित आंध्रात कांद्याचा ट्रक खाली करून आला, तो पाणीसुद्धा न पिता तिच्यापुढं बसला.

"आज्जे, कृष्णा समुद्राला मिळती तितं एका देवळात काहील टांगलीया. कडंला छिन्नीनं गेणबा आबाचं नाव हाय, आपल्या गावाचं बी."

कुशाबाईच्या सुपातली ज्वारी सांडली. "म्हंजी पोचलं व्हय त्ये?"

"पोचलं. लोकं पुजत्यात काहिलीला." रणजितनं मान खाली घातली. "तितंच ऱ्हायलं. लगीन केलं. पोरं, नातवंडं हायती. मागल्या म्हयन्यात वारलं."

म्हातारी सांडलेली ज्वारी सुपात भरू लागली.

"आज्जे, सुतक धरायचं न्हवं?"

"धरलं की साठ वर्सं! जा, बाजारातनं चांगली मोठी मरळ घिऊन ये."