राणीचं गाव

घरटी एक फौजी असलेल्या त्या गावात मृणालिनीने प्राचीन ग्रीक नाटक आणलं, तेव्हा सरपंचांनीच विचारलं, “बाई, हे इथं कुणाला कळणार?”

धास्ती तिलाही होती. सुरुवात चुळबुळीतच गेली. मग युद्धात मुलगा गमावलेली राणी त्याचं शिरस्त्राण मांडीवर घेऊन बसली आणि सारं मैदान गप्प झालं. सीमेवर लेक गमावलेल्या हौसाक्का उठल्या, थेट रंगमंचावर चढल्या आणि राणीची पाठ थोपटू लागल्या. नटीने त्यांच्या खांद्यावर मान टेकवून उरलेला विलाप पुरा केला. विंगेत मृणालिनीचे हात आपसूक जोडले गेले.

नाटक संपल्यावर हौसाक्कांनी तिला विचारलं, “ही राणी कुठली गं?”

“ग्रीसची, अक्का. अडीच हजार वर्षांपूर्वीची.”

“आन् अजून रडतीया व्हय?”