कुंदाची काळी जीभ

"नाव विचारतील तेवढं सांग. बाकी ओठ शिवून बस," कौतिकमामांनी कुंदाला बजावलं. धुळ्याचे पाहुणे ओट्यापाशी चपला काढत होते.

कुंदाच्या जिभेच्या टोकाला काळा तीळ होता. ती बोलेल ते घडतं, ही बातमी चाळीसगावपासून पहूरपर्यंत झाडून बठ्ठ्या सोयऱ्यांत फिरली होती. मामेबहिणीच्या लग्नात ती सहज म्हणाली, "मांडव पडेल वाटतं." वावटळ आली आणि मांडव थेट व्याह्यांच्या फेट्यावर बसला. तेव्हापासून शेजारच्या भागाबाई पापड वाळत घातले की आधी कुंदाच्या हातावर गूळ ठेवायच्या. तोंड भरलेलं बरं.

पुढची दोन स्थळं तशीच गेली. पहिल्या वेळी चहाचा ट्रे धरून तिनं विचारलं, "दूध नासलं तर नाही ना?" नासलंच होतं. दुसऱ्या वेळी संध्याकाळी ती म्हणाली, "लाइट टिकली म्हणजे बरं." माय, म्हणजे शेवंताबाई, बिचारी मेणबत्ती शोधायला आत धावली, तोवर अंधार. तोही फक्त त्यांच्याच घरात.

आता कुंदालाच स्वतःच्या जिभेची धास्ती बसली होती. तिला जळगावला डी.एड.ला जायचं होतं, प्रवेश लागला होता. पण वडिलांचा, आबांचा, हेका एकच, आधी लग्न.

"मी मुकीच राहते, माय," ती कुजबुजली.

"मुकी समजतील तुला," माय म्हणाली. "पाहुणीला बघून बसा म्हण. तेवढी रीत शे. खाट मी टाकते."

मुलाच्या आईचं नाव भिकुबाई. देहानं भरभक्कम, आवाजानं त्याहून. हातात कप घेऊन त्यांनी विचारलं, "नाव काय गं?"

"कुंदा चुडामण पाटील."

"आवाज गोड शे," भिकुबाई मुलाकडे बघत म्हणाल्या आणि खाटेकडे वळल्या.

मामांनी डोळे वटारले. दाराआडून मायनं मान हलवली. कुंदाच्या तोंडून निघून गेलं, "मावशी, जरा बघून बसा."

भिकुबाई बसल्या त्या खालीच गेल्या. खाटेची दोरी सुटली, गुडघे कपाळाला लागले आणि चहा मुलाच्या पांढऱ्या सदऱ्यावर सांडला. दोघांनी ओढून त्यांना बाहेर काढलं. जाताना त्यांचे यजमान मामांच्या चपला घालून गेले.

"बोल, अजून बोल," मामा अनवाणी उभे राहून म्हणाले.

आबा डोकं धरून बसले. मायनं डोळ्याला पदर लावला. "आता हिला कोण करनार? जाऊ द्या जळगावला. मास्तरीण तरी होईल."

"हं," आबा म्हणाले. "वर्गात पोरं गप्प तरी बसतील."

सोमवारी सकाळी ट्रंक ओट्यावर आली. आबा एस.टी. बघायला फाट्यावर गेले. कुंदाचा पाय मात्र उंबऱ्यातून निघेना.

"माय, तिथं माझ्या तोंडून काही वाईट निघालं तर?"

माय अंगणात खाटेवर गुडघा रोवून दोरी आवळत होती. तिनं गाठ मारली, ओढून पाहिली आणि मान वर न करता म्हणाली, "तठे काही व्हत नही, पोरी. तठे मी कोठे शे?"